रेडिओ पॅनेल घेण्याआधी
अरे, कॉम्प्युटरवरच्या विमान सिम्युलेटरसाठी रेडिओ पॅनेल घेतोयस ना? आधी नॉब बघ, डिस्प्ले नंतर. कॉमची, म्हणजे टॉवरशी बोलायच्या रेडिओची, फ्रिक्वेन्सी ११८ पासून १३६.९७५ मेगाहर्ट्झपर्यंत, बाहेरच्या नॉबने मेगाहर्ट्झ, आतल्याने किलोहर्ट्झ. म्हणून एकात एक बसलेला दुहेरी एन्कोडरच (नॉब किती फिरला ते कॉम्प्युटरला कळवणारा भाग) हवा. एकेरी घेतलास तर फिरवत बसशील आणि चिपी विमानतळाचा रनवे मागे जाईल. लॉजिटेकचं तयार पॅनेल सोपं, पण १३६.९७५ सारख्या सहा आकड्यांपैकी पाचच दाखवतं. सोल्डरिंग जमत असेल तर आर्डुइनो मेगा हा कंट्रोलर बोर्ड आणि तो सिम्युलेटरला जोडणारं मोबिफ्लाइट सॉफ्टवेअर घेऊन पॅनेल स्वतःच बनव. मी तरी हेच सांगेन. त्यात तुझं घर मालवणात, समुद्राला लागून! खारी हवा उघडे कॉन्टॅक्ट खाते, मग नॉब फिरवला तरी आकडा जागचा हलत नाही. सीलबंद एन्कोडर शोध, पावसाळ्यात वापर नसेल तेव्हा पॅनेल सिलिका जेल घालून डब्यात ठेव. पॅनेल जोडायला यूएसबी हब घेतलास तर मात्र स्वतंत्र पॉवर अडॅप्टरचाच घे.