गाडीतला छोटा संगणक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (नाशिक) : डॅशबोर्डमध्ये रास्पबेरी पाय 4 हा छोटा संगणक आणि 7 इंची टचस्क्रीन बसवला आहे. बॅटरीवरून एलएम2596 या व्होल्टेज उतरवणाऱ्या मॉड्यूलने 5 व्होल्ट देतो. सेल्फ मारला की पाय रीस्टार्ट होतो, स्क्रीनवर विजेचे चिन्ह येते आणि दोन महिन्यांत दोन मेमरी कार्डे गेली. पाय 5 घ्यावा का?

उत्तर : पाय तोच ठेवा, त्याला मिळणारी वीज सुधारा. पाय 5 ची भूक तर आणखी मोठी आहे, त्याला 5 अँपिअर लागतात.

सेल्फ फिरताना 12.6 व्होल्टची बॅटरी क्षणभर 6-7 व्होल्टपर्यंत खाली येते. एलएम2596 ला 5 व्होल्ट बाहेर काढायला आत साधारण 7 लागतात, म्हणजे नेमक्या त्याच क्षणी तो हात टेकतो. त्याच्या जागी 6 व्होल्टपासून चालणारा, किमान 5 अँपिअरचा बक-बूस्ट कन्व्हर्टर (व्होल्टेज गरजेप्रमाणे उतरवणारा किंवा चढवणारा) घ्या आणि आउटपुट मीटर लावूनच 5.1 व्होल्टवर ठरवा. बॅटरीची तार सैल होऊन अल्टरनेटरचा झटका आला तर व्होल्टेज कितीतरी वर उसळते. म्हणून फ्यूजनंतर प्लस-मायनसमध्ये 5केपी24ए हा टीव्हीएस डायोड हवाच. तो झटका 39 व्होल्टच्या आत दाबतो. कन्व्हर्टर मात्र 40 व्होल्ट सोसणारा घ्या. फ्यूज 5 अँपिअरचा, आणि तो बॅटरीच्या टोकाजवळ. पायजवळ लावलेला फ्यूज मधली तार घासून शॉर्ट झाली तर काहीच वाचवत नाही.

विजेच्या चिन्हामागे बहुतेक वेळा यूएसबी केबल असते. पाय 4.63 व्होल्टच्या खाली तक्रार करतो. 28 गेजच्या (गेज जितका मोठा तितकी तार बारीक) एक मीटर केबलमध्ये जाती-येती तार धरून सुमारे 0.43 ओहम रोध असतो, 1.5 अँपिअरला 0.64 व्होल्ट वाटेतच जातात आणि 5.1 चे 4.46 होतात. 20 गेजची, अर्ध्या मीटरच्या आतली केबल वापरा. मग नुसते चिन्ह पाहत बसू नका, टर्मिनलवर vcgencmd get_throttled ही आज्ञा चालवा : उत्तर 0x50005 आले तर वीज आत्ता कमी आहे, 0x50000 आले तर मघाशी कमी झाली होती, 0x0 आले तर सगळे ठीक.

कार्डे जातात ती किल्ली फिरवताच वीज तुटते म्हणून. लिहिणे अर्ध्यावर राहते. पायला वीज बॅटरीच्या कायम लाइनवरून द्या आणि ॲक्सेसरी लाइन (किल्लीबरोबर चालू-बंद होणारी) फक्त इशाऱ्यासाठी वापरा : 2.2 किलोओहमचा रोधक, पीसी817 ऑप्टोकपलर (प्रकाशातून इशारा पुढे देणारी चिप), तिथून पायची जीपीआयओ पिन, म्हणजे बाहेरचे इशारे वाचणारी पिन. सेल्फ मारताना बऱ्याच गाड्यांत ॲक्सेसरी लाइन बंद होते, तेव्हा सलग 10 सेकंद इशारा नसेल तरच शटडाउन, अशी स्क्रिप्ट लिहा. कन्व्हर्टरच्या आधी, ॲक्सेसरी बंद झाल्यावर 60 सेकंदांनी सुटणारा टायमर रिले बसवा. तो नसेल तर बंद पायसुद्धा थोडी थोडी वीज पीत राहतो, 0.1 अँपिअर धरले तरी 35 अँपिअर-अवरची बॅटरी आठवड्यात निम्मी होते. सगळे नीट चालू लागले की raspi-config मधून ओव्हरले फाइल सिस्टिम (कार्डावर काही लिहू न देणारी सोय) सुरू करा आणि गाणी वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा.

प्रश्न (पिंपरी) : गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवले आहे. ब्लूटूथवाल्या ईएलएम327 वरून (इंजिनचे आकडे वाचणारा अडॅप्टर) आकडे फार सावकाश येतात. सीएनजीसाठी नेमके काय पाहावे?

उत्तर : अडॅप्टर एका प्रश्नाला एकच उत्तर देतो, शिवाय आणखी कोणी बोलेल म्हणून थांबतो. कॅन (गाडीतल्या संगणकांचे जाळे) असलेल्या बहुतेक गाड्यांत ATSP6 देऊन प्रोटोकॉल पक्का करा आणि आरपीएम विचारणाऱ्या 010C ऐवजी 010C1 पाठवा. शेवटचा 1 म्हणजे ‘एकच उत्तर येईल, थांबू नको’. काही नकली चिपांना हे कळत नाही. ‘आवृत्ती 1.5’ असे छापलेली चिप नकलीच समजा, मूळ कंपनीने ती आवृत्ती काढलीच नव्हती.

पाहायचा तो आकडा 0107, म्हणजे लाँग टर्म फ्यूएल ट्रिम : इंजिनचा संगणक इंधन नेहमीपेक्षा किती टक्के वाढवतो किंवा घटवतो ते. इंजिन 80 अंशांवर तापू द्या. आधी पेट्रोलवर, मग सीएनजीवर, आयडलला आणि 2500 आरपीएमला नोंदवा. उत्तर 41 07 94 आले तर 94 ही हेक्स (सोळाच्या पद्धतीतली) संख्या, तिचे दशमान 148. त्याला 100 ने गुणून 128 ने भागा, 100 वजा करा : +15.6 टक्के. पेट्रोलवर शून्याच्या आसपास आणि सीएनजीवर एवढे अधिक, याचा अर्थ गॅस कमी पडतो आहे. आधी गॅस फिल्टर बदला, मग रिड्यूसरचा (गॅसचा दाब उतरवणाऱ्या भागाचा) दाब तपासा, आणि सर्वांत शेवटी मॅप, म्हणजे किटच्या संगणकातला गॅसच्या मात्रेचा तक्ता. मॅपला आधी हात लावला तर तुंबलेला फिल्टर झाकला जातो आणि नवा बसवल्यावर मिश्रण उलट बाजूला झुकते. पेट्रोलवरही आकडा वरच असेल तर किटचा दोष नाही. हवेची गळती आणि इंधनाचा दाब पाहा.

प्रश्न (कोल्हापूर) : स्पीकरमधून आरपीएमबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येते.

उत्तर : पाय आणि ॲम्प्लिफायर यांच्या अर्थिंगच्या (मायनसच्या) तारा वेगवेगळ्या जागी आहेत. दोन्ही एकाच बोल्टवर, खाली रंग खरवडून घट्ट करा. पायचा 3.5 मिमी जॅक सोडून पीसीएम5102 डॅक (डिजिटल आवाज ॲनालॉग करणारी चिप) वापरा. तरीही राहिलीच तर ग्राउंड लूप आयसोलेटर.

प्रश्न (पणजी) : जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीवर स्पीडुइनो (इंधन आणि ठिणगी सांभाळणारा इंजिनचा संगणक) बसवतो आहे. तेच काम गाण्यांच्या पायवर करता येईल का?

उत्तर : नाही, आणि यात तडजोड नको. 6000 आरपीएमला क्रँक एक अंश फिरायला 28 मायक्रोसेकंद घेतो. पायची ऑपरेटिंग सिस्टिम लिनक्स मधेच दुसऱ्या कामाला वळली तर ठिणगी कित्येक अंश उशिरा पडेल. स्पीडुइनोचा अर्डुइनो मेगा हा बोर्ड एवढेच काम करतो, म्हणून तिथे 16 मेगाहर्ट्झ पुरतात. पायवर ट्यूनरस्टुडिओ हे ट्यूनिंगचे सॉफ्टवेअर चालवा, गेज बघा, लॉग साठवा. पाय बंद पडला तरी इंजिन चालत राहिले पाहिजे, आणि ते बसवतानाच तपासा : आयडलवर पायचा फ्यूज काढून पाहा.

मेगाची अर्थिंग इंजिन ब्लॉकवर, पायची डॅशबोर्डखाली असेल तर सेल्फ मारताना दोन्हींतला व्होल्टेजचा फरक यूएसबीच्या तारेतून धावतो आणि पोर्ट जळतो. एडीयूएम4160 चा यूएसबी आयसोलेटर मधे लावा, किंवा एचसी-05 मॉड्यूलने ब्लूटूथवर जोडा.