वाचकांचे प्रश्न : 'फ्रांस्वा' या नावाविषयी

प्रश्न : आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा फ्रान्समध्ये नोकरीस असून तेथे जन्मलेल्या नातवाचे नाव 'फ्रांस्वा' ठेवले आहे. आजोबांचे नाव फ्रान्सिस. त्यांचेच नाव नातवाला दिले, असे त्या घरची मंडळी म्हणतात. ही दोन नावे खरोखर एकच आहेत काय? या नावाचा अर्थ केवळ 'फ्रेंच माणूस' असा होतो, असेही ऐकले. तसे असल्यास ते गोव्यात इतके कसे रुजले?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : नावे एकच आहेत. लॅटिनमधील 'फ्रान्सिस्कुस' या नावाचे फ्रेंचमध्ये फ्रांस्वा, इटालियनमध्ये फ्रान्चेस्को, पोर्तुगीजमध्ये फ्रान्सिश्कु आणि इंग्रजीत फ्रान्सिस झाले. फ्रांस्वाझ हे त्याचेच फ्रेंच स्त्रीरूप होय.

अर्थाविषयी आपण ऐकलेलेही बरोबर आहे. फ्रँक नावाच्या जर्मानिक लोकांनी पाचव्या शतकाच्या अखेरीस क्लोविस राजाच्या नेतृत्वाखाली गॉल प्रांताचा मोठा भाग जिंकला आणि त्यांच्यावरूनच त्या देशाला पुढे फ्रान्स हे नाव पडले. फ्रान्सिस्कुस म्हणजे या फ्रँकांपैकी एक. अरबांनी हाच शब्द पश्चिम युरोपातील सगळ्याच ख्रिस्ती लोकांना लावला, फारसीत त्याचा 'फरंगी' झाला आणि मराठी बखरींत व पत्रांत पोर्तुगीजांना जे 'फिरंगी' म्हटले जाते ते तेथूनच आलेले आहे. म्हणजे फ्रान्सशी काडीचाही संबंध नसलेल्या गोव्याच्या राज्यकर्त्यांना आपल्या पूर्वजांनी फ्रँकांच्याच नावाने ओळखले, ही या शब्दाच्या प्रवासातील मोठी गंमत आहे.

व्यक्तिनाम म्हणून मात्र याचा प्रसार इटलीतून झाला. असिसी येथील पिएत्रो दि बेर्नार्दोने हा कापडाचा व्यापारी फ्रान्सला गेलेला असताना त्याला मुलगा झाला आणि आईने त्याचा बाप्तिस्मा जोवान्नी या नावाने करविला; परत आल्यावर बापाने, बहुधा फ्रान्सच्या ओढीने, त्याला फ्रान्चेस्को म्हणावयास सुरुवात केली, असे परंपरेने सांगितले जाते. हा मुलगा म्हणजेच असिसीचे संत फ्रान्सिस. त्यांचे निधन 1226 मध्ये झाले आणि 1228 मध्ये त्यांना संतपद मिळाले. तोवर क्वचितच ठेवले जाणारे हे नाव त्यानंतर त्यांच्या पंथीयांबरोबर सर्व कॅथलिक देशांत पोहोचले. तेव्हा 'फ्रेंच' असा अर्थ असलेले हे नाव फ्रान्समध्ये लोकप्रिय झाले ते एका इटालियन संतामुळे. राजघराण्यातही ते संतांच्याच वाटेने आले : 1515 ते 1547 या काळात राज्य करणाऱ्या पहिल्या फ्रांस्वाचे नाव पाओला येथील संत फ्रान्सिस यांच्यावरून ठेवलेले होते.

फ्रेंचमध्ये 'फ्रेंच' हे विशेषण आणि हे नाव पूर्वी अगदी एकसारखे लिहिले जात असे. विशेषणाचा उच्चार बदलून 'फ्रांसे' झाला तरी लेखन जुनेच राहिले होते. ते बदलावे असा आग्रह अठराव्या शतकातील फ्रेंच लेखक व्होल्तेअरने धरला आणि 1835 च्या कोशात फ्रेंच अकादमी या भाषाविषयक संस्थेने ते मान्य केले. व्होल्तेअरचे मूळ नाव फ्रांस्वा-मारी आरुए होते. विशेषनाम असल्यामुळे त्याचे स्वतःचे नाव मात्र जुन्याच रूपात राहिले. अलीकडच्या काळात मितराँ आणि ओलांद हे दोन राष्ट्राध्यक्ष, तसेच चित्रपट दिग्दर्शक त्र्युफो, हे सगळे फ्रांस्वाच.

गोव्यात हे नाव पोर्तुगीजांबरोबर आले. फ्रान्सिस्कन पंथाचे धर्मगुरू येथे 1517 पासून होते. परंतु हे नाव घरोघरी पोहोचले ते 6 मे 1542 रोजी गोव्यात उतरलेल्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्यामुळे, ज्यांना गोवेकर 'गोंयचो सायब' म्हणतात. ते आजच्या उत्तर स्पेनमधील नाव्हारा राज्यातले आणि पॅरिस विद्यापीठात शिकलेले. जुने गोवे येथे रस्त्याच्या एका अंगास बॉम जेझूस बासिलिकेत त्यांचे अवशेष आहेत, तर पलीकडे असिसीच्या संतांचे चर्च आहे. फेस्ताला जाणाऱ्या पुष्कळांना हे दोन फ्रान्सिस वेगळे, हे लक्षातही येत नाही. साळगावात जन्मलेले चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सोझा लहानपणी देवीच्या आजारातून बरे झाले, तेव्हा त्यांच्या आईने नवसाप्रमाणे त्यांच्या नावात 'फ्रान्सिस' जोडले होते. आपल्या शेजाऱ्यांच्या घरीही हे नाव याच परंपरेतून आलेले असावे; नातवाबरोबर त्याने फक्त फ्रेंच रूप घेतले.

प्रश्न : फ्रांस्वा नावाचे कोणी फ्रेंच प्रवासी जुन्या काळी गोव्यात आले होते काय?
— एक विद्यार्थिनी, म्हापसा

उत्तर : होय, आणि तेही कैदी म्हणून. लाव्हाल गावच्या फ्रांस्वा पिरारचे जहाज 1602 मध्ये मालदीव बेटांजवळ फुटले. तेथे सुमारे पाच वर्षे अडकून पडल्यावर तो सुटला, पुढे कोचीनला पोर्तुगीजांच्या हाती सापडला आणि 1608 मध्ये आजारी अवस्थेत गोव्यास आणला गेला. येथील राजेशाही इस्पितळात त्याच्यावर उपचार झाले, आणि त्या इस्पितळाची स्वच्छता, अंथरुणे व जेवण यांचे त्याने इतके सविस्तर वर्णन केले आहे की त्या काळच्या गोव्याचा अभ्यास त्याच्यावाचून अपुरा राहतो. 1610 मध्ये तो येथून निघाला.

मराठी वाचकांना आणखी एक फ्रांस्वा ठाऊक असावयास हवा, जरी त्याचा संबंध गोव्याशी नसून पाँडिचेरीशी आहे. 1674 पासून तेथील फ्रेंच वसाहत उभी करणारा फ्रांस्वा मार्तें याने 1677 मध्ये शिवाजी महाराज कर्नाटकाच्या मोहिमेवर असताना त्यांच्याकडे वकील पाठवून वसाहत राखण्याची परवानगी मिळविली. त्याच्या आठवणी हे त्या मोहिमेचे एक महत्त्वाचे समकालीन साधन मानले जाते.