कायद्याचा सल्ला: ‘पोटा’ खरंच गेला का?

प्रश्न: वकीलसाहेब, ‘पोटा’ हा दहशतवादविरोधी कायदा एका पक्षाने आणला, दुसऱ्याने रद्द केला. आमच्या घरी यावरून अजून वाद होतो. नेमकं काय बदललं? (एक वाचक, सातारा)

उत्तर: ताई, २६ मार्च २००२चा दिवस मला लख्ख आठवतो. राज्यसभेने विधेयक फेटाळलं होतं, म्हणून संयुक्त अधिवेशन बोलावलं गेलं आणि ४२५ विरुद्ध २९६ मतांनी ‘पोटा’ मंजूर झाला. २००४मध्ये नव्या सरकारने तो रद्द केला, पण त्याच वेळी दहशतवादाची कलमं ‘यूएपीए’ या बेकायदा कृत्यांविरुद्धच्या जुन्या कायद्यात घातली. २६/११ नंतर, डिसेंबर २००८मध्ये, आरोपपत्रासाठी १८० दिवसांपर्यंतची मुदत आणि जामिनाची कडक अटही तिथे आली. तेव्हा विरोधी पक्षानेही पाठिंबा दिला.

एक गोष्ट मात्र परत आली नाही: पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा मानण्याची तरतूद. (आपल्या महाराष्ट्राच्या ‘मकोका’ या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात ती आहे.) हा फरक मोठा आहे. आणि ‘पोटा’ला तीन वर्षांची मुदत होती, ‘यूएपीए’ला मुदतच नाही. यावर कुणी भांडत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

सत्र न्यायालयाच्या जिन्यावर माझ्या एका अशिलाची आई स्टीलचा डबा मांडीवर घेऊन बसायची. आत डबा देऊ देत नाहीत हे माहीत असूनही प्रत्येक तारखेला आणायची. अशाच खटल्यात हल्ल्यात मुलगा गमावलेले एक वडीलही तारखेला यायचे. दोघांनाही पुढची तारीखच मिळायची.

घरच्यांना विचारा, जलद खटल्यासाठी कोणता पक्ष भांडला?