संधिवातावरची मेथोट्रेक्सेट गोळी सुरू झालीय ना? मग हे ऐक

अगं, ऐन तिशीच्या आत संधिवात म्हटल्यावर घाबरायला होतंच, त्यात घरचे म्हणतात हे म्हाताऱ्यांचं दुखणं. पण हा झिजेचा संधिवात नव्हे. हा ऱ्हुमॅटॉइड संधिवात; यात आपली प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, म्हणून औषध लवकर आणि नेमाने घ्यायचं.

सगळ्यात महत्त्वाचं: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं. वार ठरव, पाकिटावर पेनाने मोठ्ठं 'रविवार' लिही आणि आईलाही दाखवून ठेव. गुण यायला 6 ते 12 आठवडे लागतात, तोवर धीर सोडू नकोस. रक्ततपासणी मात्र चुकवायची नाही, यकृतावर लक्ष ठेवावं लागतं. मुलाबाळांचा विचार असेल तर डॉक्टरांशी आधीच बोल, गरोदरपणात ही गोळी चालत नाही.

सकाळी बोटं आखडली की कोमट पाण्यात धर, मग सावकाश मूठ उघड-मीट कर. इंदूरच्या थंडीत मी हातमोज्यांशिवाय गाडी काढत नाही. रात्री मैत्रिणींबरोबर सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, खुशाल जा; उभं राहवेना तर सरळ सांग आणि बस. आणि कुणी काकू हमखास गुणाची पुडी देतील, ती घेऊ नकोस. अशा काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलंय.