कर-सल्ला: डेलावेअरची कंपनी आणि जवाहरनगरच्या चपला

प्रश्न: मॅडम, आमचा कोल्हापुरी चपलांचा धंदा. वडील आणि काका बनवतात, मी ऑनलाइन विकतो. 2023 च्या नोव्हेंबरात एक व्हिडिओ बघितला, 'डेलावेअरमध्ये एलएलसी काढा, टॅक्स शून्य.' डेलावेअर म्हणजे अमेरिकेतलं एक राज्य, एलएलसी म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी. लगेच एका एजंटामार्फत काढली, मालक मी एकटाच. फी क्रेडिट कार्डवरून भरली, नंतर तिकडच्या ऑनलाइन खात्यात थोडे पैसे टाकले. सगळे मिळून अकरा जोड गेले, ते पण इथूनच कुरिअरने. मग सगळं थंड. आता मेल आलाय की दोन वर्षांचा टॅक्स आणि दंड थकलाय. विक्रीच नाही तर टॅक्स कसला? मेल फसवा असेल का? कंपनी तशीच सोडून दिली तर चालेल का? इथं मी दरवर्षी आयटीआर-4, म्हणजे छोट्या धंद्याचं सोपं आयकर विवरणपत्र भरतो.
— एक वाचक, जवाहरनगर, कोल्हापूर

उत्तर: व्हिडिओवाल्यानं खोटं सांगितलं नाही, अर्धं सांगितलं. डेलावेअर तुमच्या नफ्यावर कर मागत नाहीये. कंपनी त्यांच्या दप्तरात आहे म्हणून ते वर्षाला सरसकट 300 डॉलर घेतात. लक्ष्मीपुरीत गाळा घेतला आणि शटर वर्षभर उघडलंच नाही, म्हणून मालक भाडं सोडतो का? तसंच हे. मागच्या वर्षाचे पैसे पुढच्या 1 जूनपर्यंत भरायचे असतात. म्हणजे तुमचा पहिला हप्ता 1 जून 2024 ला होता, दुसरा 1 जून 2025 ला. चुकलं की प्रत्येक वर्षाला 200 डॉलर दंड आणि थकबाकीवर महिन्याला दीड टक्का व्याज. दोन वर्षांचे हजार डॉलर धरा, व्याज वेगळं. अकरा जोड विकून एवढे सुटले नसतील, मला कल्पना आहे.

आता मेलचं. त्यातल्या लिंकवर बोट ठेवू नका. कंपनीच्या नोंदणीच्या कागदावर सात आकडी फाइल नंबर आहे. तो घेऊन डेलावेअर सरकारच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जा, थकबाकी तिथं दिसेल आणि तिथंच भरता येईल. आणखी एक खूण सांगते. मेलमध्ये 'वार्षिक अहवालाची फी' असा शब्द असेल तर तो फसवा समजा, कारण डेलावेअरमध्ये एलएलसीला वार्षिक अहवालच नसतो, तो कॉर्पोरेशनला, म्हणजे शेअरवाल्या कंपनीला असतो. हे राज्याराज्यात बदलतं. वायोमिंगमध्ये एलएलसीला दरवर्षी अहवाल आणि किमान 60 डॉलर, कॅलिफोर्नियात धंदा नसला तरी 800 डॉलर. म्हणून मित्राच्या एलएलसीचं ऐकून आपली चालवू नये.

पण खरी धास्ती या हजार डॉलरची नाही. परदेशी माणूस एकटाच मालक असलेल्या एलएलसीला मालक आणि कंपनीत व्यवहार झाला त्या प्रत्येक वर्षी अमेरिकेच्या केंद्रीय कर खात्याकडे त्या व्यवहारांचा फॉर्म 5472 द्यावा लागतो, सोबत बिनआकड्यांचा नुसता नावापुरता फॉर्म 1120, म्हणजे तिकडचं कंपनीचं करविवरणपत्र. मुदत 15 एप्रिल. तिकडे एक डॉलर कर लागला नाही तरी फॉर्म लागतो. तुम्ही खात्यात टाकलेले पैसे, अगदी कंपनी काढायला भरलेली फीसुद्धा त्यात 'व्यवहार' म्हणून दाखवायची असते. नाही दिला तर एका वर्षाचा दंड 25,000 डॉलर. होय, पंचवीस हजार. तुमच्या व्हिडिओत हे आलं नसणार. आणि गंमत अशी की आजही हा फॉर्म टपालानं किंवा फॅक्सनं पाठवायचा असतो. राजारामपुरीत फॅक्स शोधत फिरू नका, ऑनलाइन फॅक्सची सोय मिळते. मागच्या सगळ्या वर्षांचे फॉर्म उशीर का झाला त्याच्या खुलाशासकट स्वतःहून द्या. नोटीस आल्यावर दिलेल्या खुलाशाला तेवढी किंमत राहत नाही.

माल कोल्हापुरातून थेट गिऱ्हाइकाला गेला, तिकडे ऑफिस नाही, नोकर नाही. अशा स्थितीत केंद्रीय आयकर सहसा लागत नाही. तिकडच्या गोदामात माल ठेवला असता तर मी एवढं बिनधास्त लिहिलं नसतं. राज्यांच्या विक्रीकराची मर्यादा बहुतेक ठिकाणी लाख डॉलरच्या विक्रीची आहे, अकरा जोडांचा तिथं प्रश्नच येत नाही.

आता आपल्या घरात या. परदेशी मालमत्ता असलेल्या माणसाला आयटीआर-4 भरताच येत नाही. तुम्हाला आयटीआर-3 हे मोठं विवरणपत्र लागेल, त्यात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ही एलएलसी आणि ते खातं दाखवायचं, तेही जानेवारी ते डिसेंबर या हिशोबानं. अकरा जोडांचा नफा इथंच करपात्र आहे. हे लपवल्यास काळ्या पैशाच्या 2015 च्या कायद्यात दहा लाखांचा दंड आहे. ऑक्टोबर 2024 पासून स्थावर सोडून बाकीची परदेशी मालमत्ता वीस लाखांपर्यंत असेल तर त्या दंडातून सूट मिळाली, तुम्ही त्यात बसता. पण सूट दंडातून आहे, दाखवण्यातून नाही. शिवाय क्रेडिट कार्डवरून भांडवल पाठवायला नको होतं. परदेशी कंपनीत पैसे घालायचे तर बँकेमार्फत फॉर्म एफसी हा परदेशी गुंतवणुकीचा फॉर्म भरून, आणि मग दरवर्षी 31 डिसेंबरपर्यंत बँकेकडे तिचा अहवाल. परकीय चलनाचं काम करणाऱ्या शाखेत जाऊन जे झालं ते सांगा, उशिराची फी भरून नियमित करायची वाट आहे.

तशीच सोडून देऊ नका. तीन वर्षं कर थकला की डेलावेअर कंपनी आपोआप रद्द करतं, पण थकबाकी आणि 5472 त्यानं सुटत नाहीत. चालू वर्षाच्या करासकट सगळं भरा, मग रद्द करण्याचं प्रमाणपत्र दाखल करा, शेवटचा 5472 द्या. वडिलांच्या चपला परदेशात पाठवायला एलएलसी लागतच नाही. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा क्रमांक काढा, जीएसटीत एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र द्या, आणि आयईसी दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अपडेट करा. बदल काही नसला तरी करायचं, नाहीतर तो बंद पडतो.

प्रश्न: आमची चांदीच्या दागिन्यांची एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) आहे, उलाढाल 32 लाख. ऑडिट लागत नाही असं ऐकलंय. मग फॉर्मपण नको ना?
— हुपरी

उत्तर: उलाढाल 40 लाखांच्या आत आहे, त्यामुळं एलएलपी कायद्याचं ऑडिट नको. फॉर्म मात्र दोन्ही हवेत. फॉर्म 11, म्हणजे वार्षिक विवरण, दरवर्षी 30 मेपर्यंत, फॉर्म 8, म्हणजे हिशोबाचं विवरण, दरवर्षी 30 ऑक्टोबरपर्यंत. हे मी अनुभवानं सांगते. माझ्या दिरांसोबत काढलेली एलएलपी दोन वर्षांत बंद पडली, 'काही चालूच नाही' म्हणून मी, दुसऱ्यांना तारखा सांगणारी बाई, फॉर्म 8 विसरले. त्या वेळी दिवसाला शंभर रुपये विलंब फी होती आणि तिला वरची मर्यादा नव्हती. 410 दिवसांचे 41,000 भरले. दीर आजही सणासुदीला पंगतीत तो आकडा काढतात. आणि कराचं विचारलं नाहीत, तरी सांगते: एलएलपीला सरसकट 30 टक्के, वर सेस, आणि छोट्या धंद्याची, नफा उलाढालीवरून अंदाजानं धरायची सवलत (1961 च्या आयकर कायद्यातलं कलम 44एडी) मिळत नाही. वह्या नीट ठेवाव्याच लागतील.