‘टाकी तपासली, ठीक आहे’ म्हणाले? काय तपासलं ते लेखी मागा

गाडीत पेट्रोलचा वास येतो, पण वर्कशॉपने टाकी ठीक आहे म्हणून परत पाठवलं, ही तुमची पोस्ट वाचली आणि आमचंच जुनं दुखणं कुणी लिहून काढल्यासारखं वाटलं. टाकी फुल केली की मागच्या सीटवर पेट्रोलचा वास, निम्म्यावर आली की वास गायब. रिकॉलचं (कंपनी दोषासाठी गाड्या परत बोलावते त्याचं) पत्र आलं म्हणून गाडी नेली, तर चहा संपायच्या आत ‘टाकी ठीक आहे’ असं सांगून परत पाठवलं आणि वर सिस्टिममध्ये ‘काम पूर्ण’ अशी नोंद. चासी नंबर टाकून रिकॉल लागू आहे की नाही ते बघणं वगैरे तुम्ही केलेलंच आहे, त्यात वेळ घालवत नाही.

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. जे लिहितोय ते प्लॅस्टिकच्या टाकीच्या पेट्रोल गाडीबद्दल आहे. पत्र्याची टाकी गंजून गळते, तिचं गणित वेगळं.

टाकीचे कित्येक रिकॉल ‘आधी तपासा, दोष दिसला तरच बदला’ अशा धर्तीचे असतात. म्हणजे सगळा निकाल त्या तपासणीवर. आमच्याकडे ती अशी झाली: गाडी लिफ्टवर चढवली, एकाने खालून टॉर्च फिरवला, कुठे ओलं नाही, संपलं. टाकीत तेव्हा जेमतेम पाव पेट्रोल होतं. आता, टाकीला भोकं असतात ती बहुतेक वरच्या अंगाला. टाकीतला पंप बसवायची कडा (फ्लँज) वर, वाफ बाहेर नेणाऱ्या व्हेंटच्या नळ्या वर, त्यांचे वेल्डही वर. तो भाग गाडीच्या फ्लोअरला इतका खेटून असतो की खालून कितीही टॉर्च मारा, दिसणार नाही. आणि पेट्रोल तिथवर पोचतच नसेल तर गळणार काय? खरं बघायचं तर टाकी खाली उतरवावी लागते, किंवा काही गाड्यांत मागच्या सीटखाली झाकण असतं ते उघडावं लागतं.

‘स्कॅनर लावला, कोड नाही’ (म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने दोष नोंदवलेला नाही) हेही आम्हाला ऐकवलं होतं. तुम्हालाही ऐकवतील. बऱ्याच गाड्यांमध्ये वाफेच्या गळतीची आपोआप होणारी चाचणी टाकी साधारण १५ ते ८५ टक्के भरलेली असतानाच चालते. फुल टाकीलाच गळणारी जागा त्या चाचणीला सापडेलच असं नाही. कोड आला तर तो पुरावा. नाही आला म्हणून टाकी चांगली ठरत नाही.

पण खरा मनस्ताप दिला तो त्या ‘काम पूर्ण’ नोंदीने. एकदा चासी नंबरपुढे ती पडली की दुसरं वर्कशॉप हात लावत नाही, कारण रिकॉलखाली त्यांना पैसे मिळत नाहीत. हेल्पलाइनवाल्यांचा सूर तर असा, की वास बहुधा आमच्या नाकातच आहे. दर फोनला नवा तक्रार क्रमांक, पुन्हा पहिल्यापासून कहाणी, आणि संध्याकाळी मेसेज: ‘आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे.’ कुणाचं समाधान, देव जाणे.

सुटका झाली ती फोन बंद करून लेखी प्रश्न विचारल्यावर. कंपनीच्या सर्व्हिस विभागाला ईमेल केला: टाकी उतरवली होती का? टाकीवरचा पार्ट नंबर आणि तारखेचा शिक्का काय होता? तपासताना पेट्रोल किती होतं? (प्लॅस्टिकच्या टाकीवर छोट्या घड्याळासारखं वर्तुळ उमटलेलं असतं, बाण महिना दाखवतो. कुठल्या लॉटची टाकी हे ठरवायला हेच आकडे लागतात.) एकाचंही उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. मग ती ‘काम पूर्ण’ नोंद पुन्हा उघडली गेली आणि फेरतपासणी माझ्यासमोर, टाकी भरलेली असताना झाली. सीटखालचं झाकण काढलं तर व्हेंटच्या नळीच्या बुडाशी धूळ चिकटून काळपट, दमट कडं झालेलं. कोरडं कापड फिरवून नाकाशी नेलं, आणखी काही बोलायची गरजच उरली नाही.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या: तपासणीला जाताना टाकी भरलेली असू द्या आणि बदलायला जाताना जवळपास रिकामी. ४० लिटर पेट्रोल म्हणजे ३० किलोच्या आसपास वजन. ते आधी उपसावं लागतं, आणि उपसलेलं सगळं परत मिळतंच असं नाही. मात्र पत्रात ‘टाकी पूर्ण भरू नका’ असं लिहिलं असेल तर माझं ऐकू नका, पत्राचं ऐका. थेंब पडताना दिसत असतील तर गाडी चालवूच नका, टो करून न्या.

तोवर बंद गॅरेजमध्ये गाडी लावू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते आणि हवेत दीड टक्क्याच्या आतबाहेर भरली तरी ठिणगीने पेट घेते. आणि कुणी ‘एम-सील लावून बघा’ म्हणालं तर हात जोडा. टाकीचं पॉलिथिलीन असं असतं की त्यावर ते धड चिकटत नाही, आणि ‘तुम्हीच छेडछाड केलीत’ म्हणायला त्यांना आयतं कारण मिळतं.

रिकॉल म्हणजे नवी टाकी असंही धरून चालू नका. फोर्ड पिंटो या अमेरिकन गाडीचा १९७८ चा गाजलेला रिकॉल घ्या. सुमारे १५ लाख गाड्या होत्या, पण टाकी बदलली नाही. प्लॅस्टिकची ढाल आणि सुधारित फिलर पाइप (पेट्रोल भरायची नळी) बसवला. तुमच्या पत्रात उपाय म्हणून नेमकं काय लिहिलंय ते शब्दशः वाचा.

बदललीच तर पंपाचं सील नवं टाकलं का ते जॉब कार्डावर लिहून घ्या. जुनंच सील दाबून बसवलं की वास पुन्हा सुरू. गाडी ताब्यात घेतल्यावर त्याच दिवशी टाकी भरा, पण नोझल पहिल्यांदा कट झालं की थांबा. वर दामटून भरलं तर पेट्रोल चारकोल कॅनिस्टरमध्ये (टाकीतली वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात) जातं आणि मग तो वास वेगळाच, त्याचं बिल तुमच्या माथी.

यापूर्वी याच वासापायी पदरचे पैसे खर्च केले असतील तर पावत्या शोधून ठेवा. काही कंपन्या रिकॉलआधीच्या दुरुस्तीचा खर्च परत देतात, पण मागितल्याशिवाय नाही, आणि मुदत पत्राच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात असते.