वर्ष उलटलं तरी बाळाच्या डोक्यावरची खपली जात नाही, तेव्हा तेल कुठे चुकतं

ताई, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: मुलगा १४ महिन्यांचा, टाळूवर आणि कानामागे पिवळट चिकट खपली, निपाणीला सासरी सकाळ-संध्याकाळ खोबरेल लावून टाळू भरतात, तरी खपली जाडच होत चालली आहे. तेल कमी पडतंय का, असं विचारलंय. कमी पडत नाही. लावलेलं तेल डोक्यावरून निघतच नाही, अडचण तिथं आहे.

ही खपली म्हणजे वाळलेला मळ नव्हे. त्वचेच्या तेलग्रंथी जास्त तेल सोडतात आणि त्यात सुटलेल्या त्वचेचे पापुद्रे चिकटून बसतात. मॅलासेझिया नावाचं यीस्ट, म्हणजे एक सूक्ष्म बुरशी, आपल्या सगळ्यांच्याच त्वचेवर असतं. ते या तेलावर जगतं आणि त्यातून जे तयार होतं त्यानं त्वचा चिडते, मग पापुद्रे आणखी वेगानं सुटतात. वरून रोज तेल घालून ते धुतलं नाही, तर पापुद्र्यांना डिंक मिळतो आणि यीस्टला खाणं. तेलाचं काम खपली मऊ करण्यापुरतं आहे. खपली निघते ती धुण्यानं.

तेल कुठलं? सगळ्यांत बिनधोक म्हणजे औषधाच्या दुकानातलं साधं, पारदर्शक लिक्विड पॅराफिन. ते खनिज तेल असल्यानं यीस्टला खाता येत नाही. पोट साफ होण्याचं पांढरं दुधाळ मिश्रण वेगळं असतं, ते घेऊ नका. बाटली मुलाच्या हाताला लागू देऊ नका, हे तेल ठसका लागून फुप्फुसात गेलं तर वाईट. खोबरेलही चालतं, पण अर्ध्या तासात धुवून निघणार असेल तरच. थंडीत आपल्याकडे खोबरेल गोठतं, ते तळहातावर चोळून पातळ करा, गॅसवर नको. ऑलिव्ह तेल आणि शेंगतेल या कामाला नकोच, यीस्टला हवी तशी चरबी त्यांत भरपूर असते. मोहरीच्या तेलानं नाजूक त्वचा भाजल्यासारखी लाल होते.

आता करायचं कसं. आंघोळीच्या २० मिनिटं आधी एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिली तेल घ्या. ते केसांवर न ओतता केस बाजूला सारत बोटांनी खपलीवर लावा. मग बाळाचा मऊ ब्रश किंवा अगदी मऊ टूथब्रश घेऊन हलक्या हातानं गोल गोल फिरवा, दोन-तीन मिनिटं पुरे. टाळूचं हाड अजून पूर्ण जुळलं नसलं तरी हलक्या ब्रशनं तिला काही होत नाही. उलट, भीतीनं टाळूला कुणी हात लावत नाही आणि खपली नेमकी तिथंच सगळ्यांत जाड होते.

धुताना बहुतेकांची चूक होते. आधी तांब्याभर पाणी ओततात, मग शॅम्पू. तेलावर पाणी पडलं की शॅम्पू नुसता घसरतो. आधी जवळजवळ कोरड्या तेलकट केसांवरच बेबी शॅम्पू चोळा, थोडं पाणी घेऊन फेस करा, एक मिनिट थांबा, कोमट पाण्यानं धुवा. मग दुसऱ्यांदा शॅम्पू. बोटांना केस चिकट लागले तर तेल अजून आहे असं समजा. बोअरचं जड पाणी असेल तर साबणाची वडी डोक्याला लावू नका, साबणाचा पांढरा साका बसतो आणि तो खपलीसारखाच दिसतो.

सुरुवातीला हे एक दिवसाआड करा. खपली फार जाड असेल तर आठवड्यातून एकदा रात्रभर लिक्विड पॅराफिन (खोबरेल नव्हे) ठेवून सकाळी धुतलं तरी चालेल. दोन आठवड्यांत बरीच उतरते. मग आठवड्यातून दोनदा शॅम्पू, आणि तेल फक्त त्याआधी.

नखानं किंवा उवांच्या फणीनं खपली उचकटू नका. खालून रक्त येतं, पस होतो. डाळीचं पीठ खपलीत अडकून बसतं. हळदीनं त्वचेचा लालपणा झाकला जातो, मग डॉक्टरांनाही नीट दिसत नाही. लिंबू जळजळतं. जावळ काढल्यानं आजार जात नाही, तेल-शॅम्पू पोचायला सोपं होतं इतकंच. खपली असताना वस्तरा मात्र फिरवू नका. आणि टोपडं, कुंची, मोहरीच्या उशीचा अभ्रा हे सगळं गरम पाण्यात धुवा. तेलकट टोपडं घामासकट दिवसभर डोक्यावर राहिलं, तर वरची मेहनत वाया जाते.

मोठ्यांना टाळू भरणं बंद करा म्हटलं तर वाईट वाटतं, ते साहजिक आहे. त्यांनी आंघोळीआधी भरावी आणि लगेच न्हाऊ घालावं. रीतही राहते.

दोन-तीन आठवडे नीट धुऊनही खपली राहिली, तर डॉक्टरांना विचारून यीस्ट मारणारा २ टक्के कीटोकोनॅझोल शॅम्पू. आठवड्यातून दोनदा, फेस ३ ते ५ मिनिटं ठेवून, डोळ्यांत न जाऊ देता, २ ते ४ आठवडे. खालची त्वचा लाल असेल तर डॉक्टर १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टिरॉइड मलम पातळ थरात थोडे दिवस देतात. दुकानदारानं स्वतःहून दिलेलं ‘तीन औषधं एकत्र’वालं मलम लावू नका, त्यात बहुधा जहाल स्टिरॉइड असतं, बाळाची त्वचा पातळ होते. चिकोडी, हुक्केरीकडे दुकानात नुसतं ‘तलेहोट्टु’ (कन्नडमध्ये कोंडा) म्हटलं की मोठ्यांचा कोंड्याचा शॅम्पू पुढं येतो. सॅलिसिलिक अॅसिड असलेला शॅम्पू लहान मुलाला चालत नाही, ते त्वचेतून अंगात जातं. आधी वय सांगा, मग औषध मागा.

तुमच्या बाबतीत मला वयाची जास्त काळजी वाटते. ही खपली बहुतेक बाळांत पहिल्या तीन महिन्यांत येते आणि वर्षाच्या आत जाते. १४ महिन्यांनी टिकली असेल तर एकदा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवाच. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयातही दाखवता येईल. मूल डोकं खाजवत असेल, गाल आणि कोपरांच्या-गुडघ्यांच्या घड्या कोरड्या खरखरीत असतील, घरात दमा असेल, तर ते एक्झिमाकडे जातं. केस तुटून चकत्या पडल्या असतील, मानेमागे गाठी लागत असतील, तर तो खवडा, म्हणजे बुरशीचा संसर्ग. तो शॅम्पूनं जात नाही, पोटातून काही आठवडे औषध लागतं, आणि घरातल्या बाकीच्या मुलांचीही डोकी तपासावी लागतात. खपलीत तांबूस-तपकिरी बारीक ठिपके, वारंवार वाहणारा कान, वजन न वाढणं, यांतलं काही दिसलं तर थांबू नका. क्वचित त्यामागे मोठा आजार असतो. ओलसर, वास येणारी, पिवळं पाणी सुटणारी खपली आणि ताप, तर त्याच दिवशी दाखवा.

खपलीबरोबर थोडे केस निघून येतील, ते परत उगवतात. खाली त्वचा आजूबाजूपेक्षा फिकी दिसेल. आपल्या सावळ्या वर्णात ते बरेचदा होतं आणि लोक कोडाची शंका काढतात. ते कोड नसतं. काही आठवड्यांत, कधी दोन-तीन महिन्यांत रंग भरून येतो, त्याला वेगळं मलम लागत नाही. दाखवायला जाताना आदल्या दिवसापासून तेल लावू नका, खपली आहे तशीच दिसू दे.